टपाची बेचाळिसावी फळी

काका, तुमच्या बाराव्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मी पटाशी, खरवडणी आणि लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर पिशवीत घालून खाडीवर आलो. काकींना सांगितलं, बोटीचं लाकूड नीट करायला आलोय. ते अर्धंच खरं होतं. मी सूड घ्यायला आलो होतो.

कोणाचा, ते तुम्हाला सांगायला नको. तुमचा पुतण्या किसन. तुमच्याच हाताखाली रंधा धरायला शिकला आणि पुढे फायबरच्या बोटींच्या धंद्यात गेला. दिवाळीनंतर तुमच्या मंडळाची बैठक झाली. पाच घरांचं मंडळ आणि त्या पाच घरांची एक बोट, माणसांना खाडीपलीकडे नेणारी. त्या बैठकीत त्याने बोटीच्या टपाच्या, म्हणजे बसणाऱ्यांवरच्या लाकडी छपराच्या, एका फळीत पेचकस खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. किसन सगळ्यांदेखत म्हणाला, "सडली बोट. काकाची नजर गेली आनि हात पन गेला. फोडा नि जळनाला घाला, आपन फायबरची आनू."

एकतीस वर्षं तुम्ही त्या बोटीचं उन्हापावसात राहणारं लाकूड जपलंत. आणि त्या दिवशी तुम्ही काय बोललात? "माजं काम हाय. चुकलं असंल." बस, एवढंच. एवढं बोलून तुम्ही घरी गेलात, असं काकींनी मला नंतर सांगितलं. मी त्या दिवशी बोईसरला कारखान्यात पहिल्या पाळीला होतो. मी तिथे असतो तर तुम्ही इतक्या स्वस्तात सुटला नसता आणि किसन तर अजिबात सुटला नसता.

मंडळाने अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत दिली होती. बोट धड आहे असं तोवर दिसलं नाही तर ती फोडायची. माघात तुम्ही गेलात. मुदत तशीच राहिली.

लोक मला विचारतात, तुमचं नातं काय? तुम्ही खाडीकाठचे बोटसुतार, मी कराडकडून आलेला निकम, चोवीस वर्षं कारखान्यात टाक्यांना आणि पाइपांना गंज लागू नये म्हणून लेप देणारा माणूस. नातं एका दाराचं. बोईसरच्या आमच्या घराचं पुढचं दार दर पावसाळ्यात फुगायचं. दोन सुतारांनी ते दोन वर्षं तासलं. परिणाम असा झाला की उन्हाळ्यात दार आणि चौकटीमधून बोट जायला लागलं आणि पावसाळ्यात दार फुगायचं ते फुगायचंच. मग कोणीतरी तुम्हाला पाठवलं. तुम्ही रंधा पिशवीतून काढलाच नाही. स्टूल मागितलंत, दाराच्या वरच्या कडेचा एक ढलपा काढलात आणि जिभेवर ठेवलात.

मी म्हणालो, "काका, हे काय?"

"सुकं लाकूड जिभेला चिकटते. हे नाय चिकटत. दाराला टोपीच नाय घातली कोनी. पुढून रंग, मागून रंग, डोकं उगडं. तितनं पानी पितंय."

मी घरातून मीटर आणला. टोचला. एकवीस टक्के. तुम्ही मीटरकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "माज्या जिभेला सेल नाय लागत, सायब." माझी बायको आतून हसली. त्या दाराला वरून आणि खालून तेलाचे तीन हात दिलेत. अकरा वर्षं झाली. दार फुगलेलं नाही.

त्यानंतर मी सुट्टीच्या शुक्रवारी तुमच्याकडे येऊ लागलो. बोईसरहून पालघर, पालघरहून एडवणची एसटी, मधल्या फाट्यावर उतरून वीस मिनिटं चालत. मला वाटायचं मी मदत करतो. तुम्ही काकींना सांगायचात, "घाटी आला, च्या टाक. आता आकडे ऐकाय लागतील."

खाऱ्या वाऱ्यावर उभ्या राहिलेल्या लाकडाचं काय करायचं, ते तुम्ही मला शिकवलंत. ऊन-वाऱ्याने लाकूड राखाडी पडतं. ती राख दीड-दोन मिलिमीटरच असते, खाली जुनं सागवान तसंच तांबूस बसलेलं असतं. घाई केली, आडवं खरवडलं, तर रेषा तुटतात आणि पुढच्या वर्षी तिथूनच तडे जातात. आधी गोड्या पाण्याने तीनदा धुवायचं, मीठ काढायचं. सावलीत पोत्याखाली वाळवायचं. मग कोमट तेल, कापसाच्या बोळ्याने, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत. रंग फक्त बाहेरून. आतल्या बाजूला नुसतं तेल.

"बाहेरनं झाक, आतनं मोकळं ठेव," तुम्ही म्हणायचात. "लाकडाला घाम येते."

इथेच आपला वाद सुरू झाला आणि तो मिटलाच नाही. तीन वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतर, टपाच्या डाव्या बाजूची पुढची फळी तुम्ही नवीन बसवलीत. मी म्हणालो, ही माझ्या पद्धतीने करू. कारखान्यात टाक्यांना देतो तसला, दोन डब्यांतलं मिसळून होणारा इपॉक्सी लेप, आतून, बाहेरून, टोकांसकट. कुठून पाणी शिरायला जागाच ठेवायची नाही.

"टोकांसकट?"

"तुम्हीच शिकवलंत. माझ्या दाराला डोक्यावर टोपी घातलीत ना?"

"दार घरात ऱ्हाते, सायब. बोट पान्यात ऱ्हाते. दार पानी पित नाय तर सुकंच ऱ्हाते. बोट पिनारच. प्यायलेलं बाहेर कसं पडंल?"

"पिणारच नाही. मी मोजलंय. सतरा टक्के."

तुम्ही ढलपा जिभेवर ठेवलात आणि थुंकलात. "माजी जीभ बोलते बावीस."

"तुमच्या जिभेचं कॅलिब्रेशन कधी केलंय?"

तुम्ही इतके हसलात की खोकला आला. काकी पाणी घेऊन आल्या आणि मलाच ओरडल्या. मग तुम्ही म्हणालात, "जा, घे ती फळी. तुजी. लाव तुजं कारखान्याचं औषद." मी लावलं. दोन हात, मध्ये सोळा तासांचं अंतर, डब्यावर लिहिल्याबरहुकूम. आरशासारखी चमकत होती. पुढच्या आठवड्यात तुम्ही तिच्यावर बाकीच्या टपासारखा हिरवा रंग मारलात. मी चिडलो. तुम्ही म्हणालात, "एका बोटीला एक रंग."

दिवाळीच्या बैठकीनंतर मी आलो तेव्हा तुम्ही अंगणात जाळ्याचा दोर सोडवत बसला होता. किसनचा पेचकस कुठल्या फळीत गेला, असं मी तीनदा विचारलं. तुम्ही हात हलवून मागे कुठेतरी दाखवलंत. "मागं, मागं." मी म्हणालो, आत्ता जाऊ आणि किसनसमोर एकेक फळी तपासू. तुम्ही म्हणालात, "सोड. पोरगा हाय. तेचं पन पोट हाय."

"त्याने तुम्हाला चारचौघांत आंधळं म्हटलं."

"मंग? सत्तरीपार नजर जातेच."

मी तुम्हाला भित्रे म्हणालो, काका. हा शब्द मी वापरला. तुम्ही दोराची गाठ सोडवत राहिलात. पालघरच्या दवाखान्यात तुम्ही शेवटचे चार दिवस होतात, तेव्हा मी दोनदा आलो. दुसऱ्यांदा तुम्ही माझं मनगट धरलंत. मला वाटलं, आता किसनबद्दल बोलतील. तुम्ही म्हणालात, "बोटीला हात लावशील तर डावीकडची पुढची ऱ्हाऊ दे." मी म्हणालो, काहीच राहू देणार नाही, सगळी बोट करतो. तुम्ही डोळे मिटलेत. त्या शब्दाची माफी मी मागितली नव्हती. तेव्हाही मागितली नाही. बोट करून दाखवणं हीच माफी, असं मी ठरवलं होतं.

म्हणून मी आलो. शुक्रवार सोडून आणखी सात रजा टाकल्या. टपाच्या बाहेरच्या फळ्या मोजल्या, बेचाळीस. प्रत्येकीवर खडूने आकडा घातला. मागे उजवीकडून सुरुवात केली, कारण तुम्ही "मागं" म्हणाला होतात. शेवटची, बेचाळिसावी, डावीकडची पुढची, माझी. तिची मला खात्रीच होती, म्हणून ती शेवटी ठेवली.

पहिली फळी. रंग खरवडला, राख काढली, मीटर टोचला. तेरा. पेचकसाचं टोक जोरात दाबलं, मिलिमीटरभर गेलं नाही. दुसरी, बारा. तिसरी, तेरा. दहाव्या फळीपर्यंत माझ्या लक्षात आलं की किसन खोटं बोलला. विसाव्या फळीपर्यंत मी त्याला काय बोलायचं ते पाठ केलं होतं. एकेका फळीला एकेक वाक्य तयार होत होतं आणि एकही वाक्य छापण्यासारखं नव्हतं. काकी चहा आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दात किती खाता? लाकूड खरवडा." उन्हाने मान भाजली, तळहाताला तीन फोड आले, ते फुटले. मला त्याचं काही वाटलं नाही. तुम्हाला शेवटी भोवलेला तो शब्द किसनच्या तोंडात परत कोंबायचा, एवढंच डोक्यात होतं. तेव्हा मी 'तो शब्द' म्हणत होतो तो किसनचा. माझाही एक होता, हे मी सोयीने विसरलो होतो.

एकेचाळीस फळ्या. सगळ्यात जास्त आकडा चौदा. एकाही ठिकाणी पेचकसाचं भोक नाही.

मग बेचाळिसावी. हिरवा रंग निघाला. खाली माझा इपॉक्सी, अजून चमकणारा, चिरा नाही, फुगा नाही. मला क्षणभर अभिमान वाटला, हे लिहितो, कारण ते खरं आहे. मग मध्यावर, एका खिळ्याशेजारी, बोटाच्या पेराएवढी गोल जागा दिसली. राळ आणि कापूस भरून, वरून रंग लावून बुजवलेली. ते बुजवणं तुमचं होतं; इतकं सफाईदार दुसऱ्या कोणाचं नसतं. मी ती राळ काढली. पेचकस घातला. तो मुठीपर्यंत गेला.

लेप कापडासारखा सोलून निघाला. आतलं लाकूड भिजलेल्या चहाच्या पावडरीसारखं, काळपट, हाताने निघणारं. मीटर म्हणाला एकतीस. शेजारची फळी, बोटभर अंतरावरची, तुमच्या तेलाची, तेरा.

लोखंडाला आत ओल नसते. मी आयुष्यभर लोखंड झाकलं. बाविसाचं लाकूड सतरा समजून मी दोन्ही बाजूंनी बंद केलं, खिळ्याच्या भोकातून पाणी येत राहिलं आणि बाहेर जायला वाट मी ठेवली नव्हती. उन्हात दिवसभर तापलेल्या फळीचा नुसता वरचा थर मी मोजला होता. मीटरच्या पिना चार मिलिमीटरच आत जातात, हे मला माहीत होतं. मला माहीत होतं, काका.

मी काकींकडे गेलो. हात तसेच, भुसा लागलेले. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि चुलीपुढचा पाट सरकवला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तेला म्हाईत होतं. किसनानं टोचलं तवाच बगितलं तेनं. घरी येऊन बोलला, निकमला नको सांगू. घाटी मोजमापावर जगतो, तेचं मोजमाप नको मोडू. आयुष्यभर तोच आकडा उगाळत बसंल."

"आणि मी त्यांना भित्रे म्हणालो."

"ऐकलं मी. हसत होता नंतर. बोलला, बरं झालं, मागंच शोदत बसंल."

मग त्या उठल्या आणि माळ्यावरून एक फळी काढली. सागवान, जुनं, तेल दिलेलं, रंधा मारलेलं, फडक्यात गुंडाळलेलं. मी टेप लावला. सहा फूट तीन इंच. टपावरची फळी सहा फूट दोन इंच. एक इंच तासायला ठेवलेला. तुम्ही गुपचूप फळी बदलणार होतात. मला कळणार नव्हतं. माझा इपॉक्सी जिंकला, असं मी मरेपर्यंत सगळ्यांना सांगत फिरलो असतो आणि तुम्ही ऐकून घेतलं असतं.

तुमच्यावर मला इतका राग कधीच आला नव्हता.

फळी बसवायला दोन दिवस लागले. तिला रंग दिला नाही. फक्त तेल, बाहेरून आणि आतून.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मंडळाची पाच माणसं आली. किसन पुढे होता. त्याने टपाभोवती एक चक्कर मारली, खडूचे आकडे पाहिले आणि म्हणाला, "सायब, तुमी मेंबर हाय का मंडळाचे?"

"नाही."

"मंग हे तपासनारे तुमी कोन?"

"मी नाही तपासणार. तू तपासणार. पण आधी एक ऐक. दिवाळीला तू जिथे पेचकस घातलास ती फळी माझ्यामुळे सडली. काकांनी नको म्हटलं असताना मी तिला कारखान्याचा लेप दिला. काका तुमच्यासमोर 'माजं काम हाय' म्हणाले, ते खोटं होतं. ते काम माझं होतं."

सगळ्यात वयस्कर तो देवजीमामा, त्याने नुसती मान हलवली. किसनच्या चेहऱ्यावर मी वाट पाहत होतो ते हसू आलं. "बगा. सडली होती ना?"

"एक," मी म्हणालो. "आता बाकीच्या एकेचाळीस मोज." आणि पेचकस त्याच्या हातात दिला.

त्याने पहिल्या चार फळ्यांवर नुसतं टोक टेकवलं. मी म्हणालो, दिवाळीला जितका जोर लावला होतास तितका लाव. देवजीमामा म्हणाला, "लाव रं. काकाला बोल लावताना लागला ना जोर?" मग त्याने लावला. मी मोठ्याने आकडे म्हणत गेलो. पंधराव्या फळीला त्याचा सदरा पाठीला चिकटला. सव्विसाव्या फळीला टोक निसटून त्याच्या अंगठ्याला लागलं. मी थांबलो नाही, सत्तावीस म्हणालो. हे तुम्हाला आवडलं नसतं. मला आवडलं. मी तेवढ्यासाठीच रजा टाकल्या होत्या.

एकेचाळीस.

किसन पेचकस हातात धरून उभा राहिला. "तवाच सांगायचं ना काकानं. मी काय मुद्दाम केलं का?"

"तू एक फळी टोचून बेचाळिसांचा निकाल दिलास. काका नाहीत. काकी आहेत. जाऊन सांग."

"काय सांगू?"

"बोट सडली नव्हती, एक फळी सडली होती. काकाचा हात गेला नव्हता. एवढी दोन वाक्यं."

तो गेला. आम्ही पाचही जण मागे. काकी दारात तांदूळ निवडत होत्या. किसनने पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं अर्ध्यावर आल्यावर त्याला पुढे बोलता येईना. काकींनी सूप बाजूला ठेवलं आणि त्याचा अंगठा पाहिला. "हळद लाव तेला," म्हणाल्या आणि हळद आणायला आत गेल्या. मी तिथे उभा राहून ते उरलेलं अर्धं वाक्य मागत होतो. देवजीमामाने माझा दंड धरला. "बास, सायब. नरड्यात आलं ना तेच्या, बास."

मला बास वाटलं नाही. अजूनही नाही.

बोट पाण्यात उतरली. फोडायची नाही असं ठरलं. पावसाळ्यापर्यंत चालेल आणि नंतरही. काल मी पलीकडे जाऊन आलो. इंजिनावर किसनच होता. मी डावीकडे पुढे बसलो. हिरव्या टपात ती एकच फळी बिनरंगाची, लांबून दिसते. टोपली घेऊन बसलेल्या एका बाईने विचारलं, "ही एकच रंगवायची ऱ्हायली का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मागून किसन ओरडला, "ती सायबाची चूक हाय! ऱ्हाऊ दिली तशीच!" सगळी बोट हसली.

मी वळून म्हणालो, "आणि बाकीच्या?"

त्याने इंजिन जरा कमी केलं. मग म्हणाला, "काकाच्या."

ऐकलंत ना, काका? माझी चूक अंगावर घेऊन तुम्ही गेलात आणि वाटलं, झालं. ती मी पाच माणसांसमोर परत घेतली, आता टोपलीवाल्या बाईलाही ठाऊक आहे. तुम्हाला हवं होतं ते मी मोडलं. तुमच्यावर हाच माझा सूड. नवी फळी बसवताना तिचा एक ढलपा मी जिभेवर ठेवला होता. घट्ट चिकटला. माझी जीभ बोलते बारा.

आता करा वाद.